एवढंसं विमान, तरी रनवे कामून पुरत नाही?

प्रश्न : मी जालना जिल्ह्यातला शेतकरी. परवा व्हॉट्सअॅपवर एक व्हिडिओ आला, छोटं प्रायव्हेट विमान उतरलं, चाकं टेकली, सगळं नीट वाटलं अन् मग ते थांबायचं नावच घेईना, रनवे संपला, पुढं बाभळीत घुसून नाक टेकवून बसलं. आतली माणसं चालत बाहेर आली हे बरं झालं. पण ट्रॅव्हल्सपेक्षा लहान विमानाला एवढी लांब पट्टी कामून पुरत नाही? ब्रेक फेल झाला असंल का? आणि आमचं शेतच एका धावपट्टीला लागून आहे, उद्या आमच्या तुरीत एखादं आलं तर काय करायचं?

उत्तर : ब्रेकला सगळेच शिव्या देतात. ब्रेक फेल होतो कधी कधी, नाही असं नाही, पण अशा अपघातांत बहुतेक वेळा काम चाक टेकायच्या आधीच बिघडलेलं असतं.

तुमची शंका मात्र रास्त आहे. सेसना १७२ घ्या, फ्लाइंग क्लबात शिकायला असतं ते चार सीटचं. पन्नास फुटांवरून खाली येऊन पूर्ण थांबायला त्याला कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे साधारण १३३५ फूट लागतात, म्हणजे चारशे मीटर, त्यातलं जमिनीवरचं पळणं फक्त ५७५ फूट. मग किलोमीटरभर पट्टी म्हणजे चैनच की! पण हा हिशोब समुद्रसपाटीचा, कोरड्या रनवेचा, शांत वाऱ्याचा आणि बरोबर स्पीडने बरोबर जागी टेकणाऱ्या पायलटचा आहे. पुढाऱ्यांची, उद्योगपतींची छोटी जेट असतात ती तर दोनशे किलोमीटरच्या वर स्पीडने येतात, त्यांचं गणित मुळातच तंग.

आता बघा एकेक कसं वाढत जातं. विमान नेहमीच्या उतारावरून येतंय पण पट्टीच्या तोंडाशी पन्नास फूट जास्त उंच आहे, तर ते जवळजवळ साडेनऊशे फूट पुढं जाऊन टेकणार. स्पीड दहा टक्के जास्त असला तर थांबायचं अंतर दहा नाही, एकवीस टक्के वाढतं, कारण स्पीडचा वर्ग होतो. मागून वारा असला की तोच हिशोब परत. त्यात स्पीड जास्त असला की विमान टेकतच नाही, जमिनीला लागून हवेवर तरंगत राहतं, आणि खाली पट्टी सरत जाते. टेकलं तरी पंख थोडा वेळ वजन उचलूनच असतात, चाकांवर भार नाही, मग ब्रेक दाबून चाक नुसतं घासतं. मोठ्या विमानाला थांबायला इंजिनचा उलटा जोर असतो, पंखावरच्या फळ्या उभ्या राहून भार चाकांवर आणतात, छोट्याला बऱ्याचदा यातलं काहीच नसतं.

त्यात आपला मराठवाडा. छत्रपती संभाजीनगरचं (औरंगाबादचं) चिकलठाणा विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण १९०० फूट उंच, मे महिन्यात पारा ४२ वर, हवा इतकी पातळ होते की कॉकपिटमधला काटा नेहमीचाच स्पीड दाखवतो पण जमिनीवर विमान आठेक टक्के जास्त पळत असतं. आणि दुपारनंतर वळवाचं आभाळ आलं की वारा कधी फिरेल सांगता येत नाही. लहान पट्ट्यांवर टॉवर नसतो, पायलटला विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी खांबावरची पिशवी, बघूनच ठरवावं लागतं.

पाऊस पडून गेला असेल तर आणखी एक गंमत. पाण्यावर टायर कधी तरंगायला लागेल ते टायरमधल्या हवेवर असतं, हवा कमी तर तरंगणं लवकर. छोट्या विमानाच्या टायरला चाळीसेक पीएसआय हवा असते, म्हणजे ताशी शंभर-एकशेपाच किलोमीटरलाच ते रस्ता सोडू शकतं. जड विमानाचा टायर याच्या कितीतरी वरच्या स्पीडला तरंगतो. लहान म्हणजे सेफ असं इथं चालत नाही.

मोठ्यांचंही हेच होतं हो. ७ ऑगस्ट २०२० ला कोझिकोडला पावसात, मागून वारा घेऊन उतरलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान निम्मी पट्टी मागं टाकून टेकलं आणि पुढं दरीत गेलं, १९० पैकी २१ जण गेले.

यावर उपाय साधा आहे, जमत नाही असं वाटलं की वर उचलायचं आणि फिरून यायचं. पाच-सात मिनिटं जातात, थोडं इंधन जातं. पण चार्टर विमानात मागं साहेब बसलेले असतात, सभेला उशीर झालेला असतो, खाली गाड्यांचा ताफा उभा, अशा वेळी तरण्या पायलटला परत वर न्यायला छाती लागते. माझं तर म्हणणं आहे, फिरून आणलं म्हणून पायलटवर डाफरणाऱ्या साहेबांना एकदा पुढच्या सीटवर बसवावं!

रनवेच्या पलीकडं काय आहे याचं महत्त्व आपल्याइतकं कुणाला माहीत. २६ एप्रिल १९९३, आपल्या चिकलठाण्यावरूनच इंडियन एअरलाइन्सचं बोइंग उडालं ते पार पट्टीच्या टोकाशी, आणि हायवेवरच्या कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला त्याचं चाक लागलं, पुढं विजेच्या तारा. ११८ पैकी ५५ माणसं गेली. ते उड्डाण होतं, उतरणं नव्हे, पण पट्टी संपल्यावर मोकळी जागा कशाला लागते ते तिथं कळतं. म्हणून नियमानं टोकाच्या पुढंही सपाट, मोकळी जमीन ठेवायची असते, तिथं कुंपण सरकवून जागा वाढवायच्या भानगडीत पडू नका.

राहिलं तुमच्या तुरीचं. आधी ११२ ला फोन. विडी-सिगारेट विझवा, छोट्या विमानात पेट्रोल पंखातच असतं आणि टाकी फुटली की सगळीकडं पसरतं. मोटरसायकली लांबच ठेवा. आग नसेल आणि माणसं स्वतः बाहेर येत असतील तर वारा ज्या बाजूनं येतोय तिकडं त्यांना घेऊन जा, जखमीला उगाच ओढू नका, आग लागली असेल तर मात्र ओढावंच लागेल. विमान सरळ करायला पाच-पन्नास जणांनी पंखाला हात घालायचा नाही, तुकडाही घरी न्यायचा नाही, तपासवाल्यांना प्रत्येक वस्तू पडली तशी पाहिजे असते, टायरची खूण सुद्धा. सेल्फीवाल्यांना काठीनं हाकला, मी सांगितलं म्हणा. आणि पुढचा पंखा थांबलेला दिसला तरी त्याला हातानं फिरवू नका, पिस्टन इंजिन कधी कधी तेवढ्यानंच चालू होतं आणि पंखा गरकन फिरतो.