१६-१८ वर्षांच्या मुलांबरोबर ‘नाईन-वन-वन’ बघावी का?

तुम्ही विचारलंय की मुलगी १६ वर्षांची, मुलगा १८ वर्षांचा, दोघांनाही आणीबाणीत मदतीला धावणाऱ्यांवरची ही अमेरिकन मालिका बघायची आहे. तिच्यात अपघात आहेत, रक्त आहे, आत्महत्येचे प्रसंग आहेत असं तुमच्या कानावर आलंय. मग त्यांच्यासोबत बसावं, की त्यांचं त्यांना बघू द्यावं?

बसा. अगदी पहिल्या भागापासून बसा. रक्ताची मला फारशी काळजी वाटत नाही, या वयाची मुलं मोबाईलवर त्याहून वाईट बघून झालेली असतात. मला काळजी वाटते ती मालिकेत माणसं फार पटापट वाचतात याची.

मी १७ वर्षं कॅज्युअल्टीला सिस्टर आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्या समोरच्या इमारतीतले एक काका सकाळी जिन्यातच कोसळले. खालच्या मजल्यावरचा मुलगा धावत वर गेला. तो तेव्हा १८ वर्षांचा होता आणि कॉलेजात सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबायचं तंत्र, शिकला होता. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तो एकटा काकांची छाती दाबत राहिला. काका गेले. मी नाईट संपवून घरी आले तेव्हा तो खाली कट्ट्यावर बसला होता. म्हणाला, “काकू, माझ्या हातून काहीतरी चुकलं. छातीत कट्‌ असा आवाज आला. टीव्हीवर तर माणूस उठून बसतो.” फासळी मोडल्याचा तो आवाज ऐकून आपणच काकांना मारलं असं त्याने मनाशी धरलं होतं. मी त्याला कसं दाबलं ते करून दाखवायला सांगितलं. त्याने सगळं बरोबर केलं होतं. वयस्क माणसाला नीट सीपीआर दिला की बऱ्याचदा फासळ्या मोडतात, आमच्याही हातून मोडतात. हे त्याला पटायला कितीतरी महिने लागले.

अमेरिकेत १९९६ साली काही डॉक्टरांनी टीव्हीवरच्या वैद्यकीय मालिकांमधले सीपीआरचे प्रसंग मोजले होते. पडद्यावरचे जवळपास ७५ टक्के पेशंट त्या क्षणी वाचत होते. प्रत्यक्षात घरी किंवा रस्त्यात हृदय बंद पडलेल्यांपैकी बरे होऊन घरी जाणारे अमेरिकेतसुद्धा १० टक्क्यांच्या आसपासच असतात. म्हणजे मुलं सीपीआर बघून शिकतात ते चांगलंच, पण त्यासोबत ‘केलं की माणूस उठतो’ हेही डोक्यात बसतं. म्हणून आमच्या घरी असा प्रसंग आला की मी रिमोट हातात घेते आणि दोन वाक्यं बोलते. छातीच्या मधोमध, कोपर ताठ, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती किमान ५ सेंटीमीटर आत जायला हवी. आणि इतकं करूनही माणूस जाऊ शकतो. मॉनिटरवर हृदयाच्या ठोक्यांची रेघ सरळ झाली की शॉक देतात, तेही खरं नाही. सरळ रेघेवर शॉकचा उपयोग नसतो, तिथे छाती दाबणं आणि औषधं एवढंच हातात असतं.

आता मालिकेच्या बाजूनेही बोलते, कारण तिचा एक गुण मला मनापासून आवडतो. ती मदत करणाऱ्यांचं अपयश दाखवते. लॉस एंजेलिसच्या अग्निशमन केंद्रातला बक हा तरुण पहिल्या सीझनच्या दुसऱ्याच भागात रोलर कोस्टरवर अडकलेल्या माणसाला वाचवू शकत नाही, आणि पुढे ते त्याच्या मनातून जात नाही. त्याचा कॅप्टन बॉबी याच्या व्यसनापायी लागलेल्या आगीत १४८ माणसं गेलेली असतात, त्यात त्याची स्वतःची बायको-मुलंही. तितकेच जीव वाचवायचे म्हणून तो वहीत हिशेब ठेवतो. आमचा मुलगा एरवी भाग संपला की उठून जातो. त्या वहीवर तो अर्धा तास बोलला. असा हिशेब कधी फिटतो का, हा त्याचा प्रश्न होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण पोरगं समोर बसून बोलत होतं.

काही गोष्टींची मात्र आधी कल्पना देऊन ठेवा. पहिल्या सीझनमध्ये पोलीस अधिकारी अथीनाची शाळकरी मुलगी मे गोळ्या खाऊन जीव द्यायचा प्रयत्न करते. तुमच्या मुलीच्या वर्गात, मैत्रिणींत असं काही घडलं असेल तर तो भाग लावण्याआधी तिला सांगा आणि नको म्हणाली तर ऐका. नंतर अगदी सरळ विचारा, “तुझ्या मनात कधी असं येतं का?” विचारल्याने तो विचार मुलांच्या डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर दोघांच्या फोनमध्ये असू द्या. दुसऱ्या सीझनमध्ये मॅडी ही मदतीचे कॉल घेणारी बाई मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून पळून आलेली आहे. तो धागा मुलगा-मुलगी दोघांनी बघावा असं माझं मत आहे. सुरुवातीच्या भागांत बेडरूमचे प्रसंगही आहेत. तेव्हा पाणी प्यायला उठू नका, तिथेच बसून राहा.

मुलं विचारतील की हार्ट अटॅकला आगीचा बंब कशाला आला. तिकडे अग्निशमन दलातच पॅरामेडिक, म्हणजे जागेवर तातडीचे उपचार करणारे, असतात आणि त्यांना येणारे बहुतेक कॉल आजारपणाचे असतात. आपल्याकडे आग लागली तर १०१, ॲम्ब्युलन्सला १०८, आणि काहीच सुचलं नाही तर सगळ्यासाठी ११२. महाराष्ट्रात १०८ ही सेवा २०१४ पासून आहे आणि तिच्या गाडीत डॉक्टर असतो. फोन केला की आधी ठिकाण सांगायचं, जवळची खूण सांगायची, मग काय झालं ते. फोन स्पीकरवर ठेवायचा आणि समोरचा सांगेपर्यंत कापायचा नाही.

माझ्या मुलीने विचारलं होतं, “रस्त्यात कुणाला मदत केली तर पोलीस मागे लागतात ना?” मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४-अ आलंय. अपघातात सद्‌भावनेने मदत करणाऱ्याला आपलं नाव सांगायची सक्ती करता येत नाही आणि मदत करताना जखमीचं बरंवाईट झालं तरी त्याच्यावर खटला भरता येत नाही. हे तिला माहीतच नव्हतं. तिच्या बाबांनाही नव्हतं.

समोरचा तो मुलगा आता २१ वर्षांचा आहे, अधूनमधून आमच्याकडेच मालिका बघायला येतो. बकचा तो भाग त्याने आमच्या मुलांसोबत पाहिला. संपल्यावर कुणी काही बोललं नाही, मग त्यानेच जिन्यातली गोष्ट मुलांना पहिल्यांदा सांगितली.

तेव्हा सुरुवात पहिल्या सीझनपासूनच करा, आणि दुसरा भाग लावण्याआधी पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करून ठेवा.