आधी यादी, मग संग्रहालय

प्रिय लेकी,
अनेक आशीर्वाद.

वाड्यातल्या जुन्या वस्तूंचं संग्रहालय करायचं म्हणून लिहिलेलं तुझं पत्र दोनदा वाचलं. आत्या विकू या म्हणते, तुझे दुसरे काका सरकारला देऊन मोकळे व्हा म्हणतात, आणि तू मध्येच आर्किटेक्टकडून दालनांचा नकाशा काढून घेतलास. माळ्यावरच्या पेट्यांमध्ये काय आहे हे मात्र तिघांपैकी एकालाही सांगता येत नाही. अगं, ज्याची यादी नाही ते तू कुणाला देणार आणि कुणापासून राखणार?

इटलीत फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याकडे बघ. वासारी या वास्तुकाराने १५६० मध्ये बांधायला घेतलेल्या कचेऱ्यांच्या वरच्या मजल्यावर त्यांनी चित्रं आणि पुतळे मांडले. ‘उफ्फीत्सी’ म्हणजे कचेऱ्याच. म्हणजे इमारत होती, संग्रह होता, पण पाहायला मिळायचं ते घराण्याच्या मेहरबानीवर. जुलै १७३७ मध्ये शेवटचा ग्रँड ड्यूक जान गास्तोने निपुत्रिक वारला. राज्य लोरेनच्या फ्रान्सिसला द्यायचं हे युरोपातल्या राजांनी आधीच ठरवून टाकलं होतं. मागे राहिली ती बहीण, आन्ना मारिया लुइसा. गादी तिला मिळणार नव्हती, पण घराण्याची खासगी दौलत तिची होती. ३१ ऑक्टोबर १७३७ ला तिने फ्रान्सिसशी करार केला. दौलत त्याला दिली, पण तिसऱ्या कलमात अट घातली: चित्रं, पुतळे, ग्रंथालयं, जवाहीर, यांपैकी जे राज्याची शोभा, लोकांचा उपयोग आणि परदेशी पाहुण्यांचं कुतूहल यांसाठी आहे, ते राजधानीबाहेर आणि राज्याबाहेर न्यायचं नाही. ती १७४३ मध्ये गेली आणि दालनं लोकांसाठी रीतसर उघडली १७६९ मध्ये. मधली सव्वीस वर्षं संग्रह जागेवर राहिला तो त्या कलमाच्या जोरावर.

तरी त्यांचा १३७ कॅरटचा पिवळसर हिरा फ्रान्सिसकडे व्हिएन्नाला गेलाच. कलमात जवाहीर शब्द होता, पण खिशात मावणारी वस्तू एका शब्दाने थांबत नाही. तिला क्रमांक, वजन, माप, फोटो आणि दरवर्षी समोर ठेवून केलेली मोजणी लागते. तुझ्या आजीच्या दागिन्यांचं परिशिष्ट वेगळं कर.

जवळचं हवंय? हैदराबादच्या निजामाचा एके काळचा दिवाण आणि मोठा संग्राहक, तिसरा सालारजंग, १९४९ मध्ये अविवाहित वारला. त्याच्या दिवाण देवडी या वाड्यात १६ डिसेंबर १९५१ ला संग्रहालय उघडलंही. पण वारसांशी तडजोड होऊन कोर्टाचा हुकूमनामा व्हायला १९५८ उजाडलं, आणि संसदेचा कायदा झाला १९६१ मध्ये. दारं आधी उघडली, मालकी मागाहून सुटली. त्यांच्यामागे सरकार होतं म्हणून ते निभावलं. तुझ्यामागे कोण आहे? औंधच्या पंतप्रतिनिधींनी यमाईच्या डोंगरावर १९३८ मध्ये संग्रहालय उभारलं, ते स्वतः हयात आणि गादीवर असताना. तुझे आजोबा हयात आहेत, हेच तुझं आत्ता सर्वांत मोठं भांडवल. त्यांना पेटीजवळ खुर्ची दे आणि विचार.

आता काम. दोघं बसा: एकाने वस्तू हाताळायची, दुसऱ्याने फक्त लिहायचं. दिवसात पंचवीस वस्तू झाल्या तरी खूप. क्रमांक असा: वर्ष, कितवा गठ्ठा, कितवी वस्तू, म्हणजे २०२५.१.३७. झाकणाचा करंडा असेल तर ३७क आणि ३७ख. हे केलं नाही की दोन वर्षांनी झाकणं एकीकडे, करंडे एकीकडे. तैलचित्राचा क्रमांक मागच्या लाकडी चौकटीवर पेन्सिलीने, कॅनव्हासवर कधीच नाही. पैठणीला सुती फितीवर लिहून दोन सैल टाके. क्रमांकासाठी चिकटपट्टी आणि नेलपॉलिश वापरू नकोस. चिकटपट्टीचा गोंद पुढे पिवळा पडतो आणि रंग घेऊनच निघतो. फोटो तीन: समोरून, मागून, सहीचा, शेजारी मोजपट्टी. मागे चिकटवलेली फ्रेमवाल्याची जुनी चिठ्ठी काढू नकोस, तो पुरावा आहे.

आणि जे दिसतं तेवढंच लिही. पंचनाम्यात ‘पिवळ्या धातूची बांगडी’ लिहितात ते उगाच नाही. दिवाणखान्यातलं ‘रविवर्म्याचं’ चित्र भिंगाखाली धर. रंगाचे बारीक ठिपके दिसले तर तो छापखान्यातला ओलिओग्राफ आहे, वर वार्निश मारलेला. आजोबांना वाईट वाटेल, वाटू दे. खरोखर रविवर्म्याच्या हातचं निघालं तर ते कायद्याने कलानिधी ठरतं, देशाबाहेर विकता येत नाही. हे आत्यालाही सांग. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची चित्रं आणि मूर्ती पुरावस्तू ठरतात, हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षं पुरतात. नोंदणी पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे होते, आणि तिथेही तुझ्याकडे मागणार काय? फोटो आणि वर्णन. म्हणजे पुन्हा यादीच.

ट्रस्ट कर, पण डोळे उघडे ठेवून. महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या ३६ व्या कलमाने धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते ती स्थावर मालमत्ता विकताना. वाडा वाचेल, चित्रं नाहीत, कारण चित्रं जंगम. म्हणून ‘परिशिष्टातली कोणतीही वस्तू विकता, गहाण ठेवता किंवा वाटून घेता येणार नाही’ हे ट्रस्टच्या दस्तातच हवं, आणि परिशिष्ट म्हणजे तुझी यादी, पानागणिक सहीची. संपत्ती समाईक असेल तर आधी सगळ्या वारसांची हक्कसोडपत्रं घे. आत्यालाही वाटा आहे; ती रुसली म्हणून तिला वगळलंस तर पुढे तीच कोर्टात उभी राहील, आणि तिचं चुकणार नाही.

लोक म्हणतात, मला याद्यांचं वेड लागलंय. संग्रहालयाला वस्तू देणारा दाता भरल्या डोळ्यांनी पेटी पुढे करतो आणि मी वजन-माप विचारतो, हे कोरडं दिसतं, मला कळतं. काही वेळा भिडेखातर विचारलं नाही, आणि तेवढ्याच गोष्टी आज मनाला लागून आहेत. म्हणून तुला भीड ठेवत नाही.

दालनं, दिवे, तिकीट याबद्दल आत्ता एक अक्षर लिहिणार नाही. लघुचित्रांना पन्नास लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचं माप) जास्त उजेड नको आणि ओलीच्या भिंतीला फ्रेम टेकू देऊ नकोस, पावसाळ्यापुरतं एवढं पुरे. पहिल्या शंभर नोंदी झाल्या की वही पाठव. माळ्यावर जाताना पेन्सिल ने, शाईचं पेन खालीच ठेव.

तुझा,
काका