उन्हाळ्यात गाडीत राहिलेला ब्लूटूथ स्पीकर आता दोन तासांत बंद पडतो. बॅटरी बदलावी का? (नाशिक)

हो, बहुतेक बदलावीच लागेल. उष्णतेने लिथियम-आयन सेलची (स्पीकरमधल्या बॅटरीची) घटलेली क्षमता परत येत नाही. मे महिन्यात नाशिकचा पारा ४० अंशांवर गेला की उन्हातल्या बंद गाडीत तो ६०च्या आसपास पोहोचतो, आणि फुल चार्ज सेल अशा वेळी सगळ्यात लवकर खराब होतो. खर्च करण्याआधी एकदा मध्यम आवाजावर वाजवून पाहा. कंपनी सांगते ते तास त्याच आवाजाचे असतात, फुल आवाजाला बॅटरी झपाट्याने उतरते. एम. जी. रोडला बदलून घेताना जुन्याच व्होल्टेजचा (३.७ किंवा ७.४), प्रोटेक्शन सर्किट (जास्त चार्ज किंवा शॉर्ट झाल्यास वीज तोडणारी पट्टी) असलेला सेल मागा, नुसत्या जास्त एमएएचच्या (बॅटरीच्या क्षमतेच्या) आकड्याला भुलू नका. फक्त स्पीकर कुठे फुगलेला दिसला, तर चार्जिंगला अजिबात लावू नका.