विचारा तर खरं: ग्वाल्हेरात छोटी दुनिया उभी करायची म्हणता?

या महिन्यात पत्रं आणि मेसेज बरेचसे एकाच गोष्टीवर आलेत, त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात. रागावू नका.

प्रश्न: आम्ही ग्वाल्हेरच्या लश्कर भागातले सात-आठ मित्र, बहुतेक रिटायर्ड. एकाच्या नात्यातलं जुनं गोडाऊन रिकामं पडलंय, साधारण आठ हजार स्क्वेअर फूट. जर्मनीत हॅम्बुर्गला ते मिनिआतुर वुंडरलांड आहे ना, तसं इनडोअर मॉडेल इथे करायचं डोक्यात आहे, ट्रेन, गाड्या, दिवे, सगळं चालतं-फिरतं. अर्धे म्हणतात काश्मीर ते कन्याकुमारी पूर्ण भारत दाखवू, अर्धे म्हणतात फक्त ग्वाल्हेर. स्केल कोणतं घ्यावं? जागा पुरेल का? (एक वाचक, लश्कर)

उत्तर: काका, आधी भारत विसरा. आठ हजार फुटांत भारत बसवलात की ताजमहाल, लाल किल्ला, गेटवे असे दहा-बारा नग ओळीने उभे राहतात आणि बघणारा वीस मिनिटांत बाहेर पडतो, कारण फोटोत बघितलेलंच परत छोटं करून बघायला कोण थांबतंय. लोक थांबतात ते ओळखीच्या गल्लीत काहीतरी हलताना दिसलं की. म्हणून माझं मत ग्वाल्हेरच, आणि तेही पूर्ण नाही.

आता स्केलचं. हॅम्बुर्गवाले वापरतात ते 1:87, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग, ज्याला एचओ म्हणतात. त्यात माणूस जेमतेम दोन सेंटिमीटरचा होतो, म्हणजे चेहरा नाही तरी फेटा, पिशवी, सायकल ओळखू येते. एन स्केल 1:160, जागा खूप वाचते पण माणूस एका सेंटिमीटरचा, मागच्या रांगेतल्या आजींना काही दिसणार नाही. तेव्हा 1:87 घ्या. पण मग हिशोब करा हं, आपल्या किल्ल्याचं पठार अडीच-पावणेतीन किलोमीटर लांब, 1:87 ला ते होतं तीस मीटरच्या आसपास, आणि तुमचं गोडाऊन चौकोनी धरलं तर एक बाजू सत्तावीस मीटर! म्हणजे नुसता किल्ला भिंत फोडून बाहेर. त्यामुळे किल्ला मागच्या भिंतीला लावायचा आणि लहान स्केलमध्ये करायचा, 1:300 ला नऊ मीटरमध्ये येतो, उंची जरा मुद्दाम वाढवायची, म्हणजे लांबवर असल्यासारखा वाटतो. पुढे महाराज बाडा, आपला लश्करचा मुख्य चौक, मात्र खऱ्या 1:87 मध्ये, टाऊन हॉल, पोस्ट ऑफिस, व्हिक्टोरिया मार्केट, चौक दोनशे मीटरचा धरला तरी सव्वादोन मीटरचं टेबल, आरामात बसतो. दिवाळीच्या किल्ल्यात मावळा दरवाज्यापेक्षा उंच असतो ते चालतं, इथे तिकीट काढून आलेला माणूस ते पहिल्या मिनिटात पकडेल.

आणि बाड्याच्या बाजूने नॅरोगेज हवीच. माधवराव शिंदे महाराजांच्या काळातली ग्वाल्हेर लाइट रेल्वे, दोन फुटी रुळांवर ग्वाल्हेर ते श्योपूर 199 किलोमीटर, 2020 ला बंद झाली. डब्याच्या छतावर बसलेली माणसं ज्याने बघितली नाहीत असा चाळिशीच्या वरचा ग्वाल्हेरकर मला तरी भेटलेला नाही. ती छतावरची गर्दी मॉडेलमध्ये आली की अर्धं काम झालं समजा. पण एक कटकट आहे. 610 मिलिमीटरचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, भागिले 87 म्हणजे सात मिलिमीटर, आणि बाजारात सहज मिळणारा छोटा रूळ नऊचा. खऱ्या मापाचा हट्ट धरलात तर रूळ, पॉइंट (गाडी दुसऱ्या रुळावर वळवायचे सांधे), इंजिन सगळं हाताने करावं लागेल. मी तर नऊवरच चालवीन, हजारात एखादा रेल्वेवाला सोडला तर कोणाला कळत नाही, आणि मेनलाइनचं तरी काय, आपला ब्रॉडगेज 1:87 ला एकोणीस मिलिमीटरच्या वर येतो पण सगळी रेडीमेड मॉडेलं साडेसोळावरच पळतात, कोणी तक्रार करत नाही.

जागेचं म्हणाल तर आठ हजारातलं टेबल अडीच हजारच धरा. उरलेल्यात माणसांना चालायला गल्ल्या, तिकीट, टॉयलेट, चहा, वर्कशॉप आणि दोन दरवाजे. दुसरा दरवाजा फायर एनओसीसाठी लागतोच, आणि थर्माकोलचे डोंगर अजिबात नको, आत एवढी वायरिंग असताना तो आगीला आमंत्रण. टेबलाची खोली दोन्ही बाजूंनी हात पोचेल एवढीच, अडीच फूट, त्यापेक्षा खोल असेल तिथे खालून डोकं वर काढायला झाकण ठेवा, कारण गाडी घसरते ती नेमकी मधोमध.

प्रश्न: मे महिन्यात पंचेचाळीस-सेहेचाळीस, वर राजस्थानकडून येणारी धूळ. असलं नाजूक प्रकरण इथे टिकेल? (थाटीपूरहून)

उत्तर: टिकेल, पण एसी बिलाची तयारी ठेवून. लोकांना वाटतं रूळ तापून वाकतील. तापतात खरे, दहा मीटर रूळ तीस डिग्रीच्या फरकाने पाच मिलिमीटर वाढतो, तेवढ्या फटी जोडांमध्ये ठेवल्या की झालं. खरा त्रास लाकडाचा. पावसाळ्यात प्लाय फुगतो, कोरड्या दिवसांत आकसतो, त्याच्याबरोबर रूळही सरकतात आणि तोपर्यंत नीट चालणारी गाडी एकाच वळणावर रोज पडायला लागते. प्लायला सगळ्या बाजूंनी, कडांनाही, सीलर मारा, आणि फ्रेम लोखंडाच्या चौकोनी पाइपची करा.

धुळीवर उपाय एकच, रोज पुसणं. करंट रुळातून चाकात जातो, मध्ये धुळीचा थर आला की इंजिन अडखळतं, दिवे लुकलुकतात. रात्री बंद करताना रूळ पुसणारा सफाईचा डबा गाडीला जोडून सगळ्या लाइनींवर फिरवायचा, चाकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. आणि एकच इंजिन दिवसाला आठ तास पळवू नका, मोटरचे ब्रश झिजतात, प्रत्येक गाडीला एक जोडीदार ठेवा, पाळीपाळीने. घरच्या छोट्या मॉडेल रेल्वेला वर्षाला जेवढं रनिंग होतं तेवढं इथे आठवड्यात होणार, हे कोणी आधी सांगत नाही.

प्रश्न: एकदा बघितलं की झालं, परत कोण येणार? मुरारमध्ये दुकान आहे माझं, पैसे घालायला सांगतायत म्हणून विचारतेय, बुडणार तर नाहीत? (एक वाचक, मुरार)

उत्तर: ताई, नीट विचारलंत. दोन उदाहरणं देते. न्यूयॉर्कला टाइम्स स्क्वेअरजवळ 2017 मध्ये गलिव्हर्स गेट नावाचं असंच प्रचंड मॉडेल उघडलं, सुमारे चार कोटी डॉलर घालून, जगभरातली शहरं एकदम. 2020 उजाडता उजाडता बंद. उलट हॅम्बुर्गचं बघा, तेही जुन्या गोदामातच आहे बरं का. ब्राउन या जुळ्या भावांनी 2001 मध्ये तीनच विभागांनी सुरू केलं, मग हॅम्बुर्ग, अमेरिका, स्कँडिनेव्हिया, स्वित्झर्लंड असं करत 2011 ला एअरपोर्ट, 2016 ला इटली. आता वर्षाला दहा लाखांच्या वर माणसं येतात. परत यायला कारण पाहिजे ना, तर पुढचा विभाग बनताना काचेतून दिसतो हेच कारण. पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम 1998 पासून आहे, एका हॉलएवढं, पण तिथे शो असतो, दिवे घालवून रात्र करतात. छोटं असूनही चालतं.

आणि हात लावायला काहीतरी द्या. आपल्या जयविलास पॅलेसमधली जेवणाच्या टेबलावरची चांदीची ट्रेन आठवा, पाहुण्याने त्यातली बाटली उचलली की गाडी थांबते, ठेवली की पुढे! त्या काळात ज्याने हे डोकं चालवलं त्याला सलाम. तुमच्याकडे बटणं ठेवा, दाबलं की तानसेनच्या समाधीपाशी तानपुरा वाजेल, बाड्यावर लाइट जातील (लाइट जाणं तर आपल्याला ओळखीचंच), फाटक पडेल. पोरं त्या बटणांसाठी आईबापांना परत ओढून आणतात.

पैशांचं स्पष्ट सांगते. त्यांना विचारा की उभारणीनंतर पहिल्या दोन वर्षांचा पगार, वीज आणि रिपेअर यासाठी बाजूला किती काढलेत. सगळे पैसे उद्घाटनापर्यंतच संपणार असतील तर घालू नका. गोडाऊन नात्यातलं आहे म्हणतात, तरी भाडेकरार कागदावर आणि लांब मुदतीचा करून घ्यायला लावा, हे मॉडेल उचलून दुसरीकडे नेता येत नाही, कापावं लागतं. आणि शाळांच्या सहली हव्यात तर बुधवार-गुरुवारच्या सकाळी त्यांच्यासाठी ठेवायला सांगा, रविवारी तशीही गर्दी होईल.

प्रश्न: माझा मुलगा चौदा वर्षांचा, घरी थ्रीडी प्रिंटर आहे, त्याला यात काही करता येईल का? (लश्कर)

उत्तर: येईल की! पण त्याला लगेच किल्ल्यावरचा मानसिंग पॅलेस प्रिंट करायला बसवू नका, त्या निळ्या टाइल्स आणि बदकं रंगवताना वैतागेल. आधी बाड्यावरचे ठेले, हातगाड्या, टेम्पो, पाण्याच्या टाक्या, असलं छोटं शेकड्याने लागतं आणि आयात करायला महाग पडतं. रेझिनचा प्रिंटर असेल तर खिडकी उघडी ठेवून आणि हातमोजे घालूनच. वरच्या लश्करच्या काकांना तुमचं पत्र कळवलंय, ते म्हणाले मुलाला रविवारी पाठवा, फक्त येताना व्हर्नियर कॅलिपर आण म्हणावं.