वाचक विचारतात: भाड्यातून हप्ता जाईल का?

स.न.वि.वि. यजमान मार्चमध्ये निवृत्त झाले. फंड आणि ग्रॅच्युइटी धरून ४८ लाख हाती आले आहेत. आम्ही कोथरूडला स्वतःच्या घरात राहतो. वाघोलीत एका नव्या स्कीममध्ये टू बीएचके पाहिला. किंमत ६२ लाख, ताबा दीड वर्षाने. २२ लाखांचं कर्ज मुलगा काढेल. साइटवरचा मुलगा म्हणतो, महिना २२ हजार भाडं सहज येईल, हप्ता त्यातूनच जाईल. दसऱ्याच्या आत बुकिंग केलं तर मोड्युलर किचन फुकट. घ्यावा का?
– एक वाचक, कोथरूड

ताई, आधी ६२ लाखांचे किती होतात ते बघू. बांधकाम सुरू आहे म्हणजे ५ टक्के जीएसटी, ३ लाख १० हजार. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, ४ लाख ३४ हजार. नोंदणीचे ३० हजार. झाले ६९ लाख ७४ हजार. तुमचे ४८ आणि मुलाचे २२ मिळून ७०. उरले २६ हजार, त्यात धड पंखेसुद्धा बसायचे नाहीत. (करार फक्त तुमच्या एकटीच्या नावावर केला तर मुद्रांकात एक टक्का, म्हणजे ६२ हजार सुटतात. शेजारी यजमानांचं किंवा मुलाचं नाव आलं की ही सवलत गेली.) २२ लाखांचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी, २० वर्षांसाठी धरला तरी १९ हजारांच्या वर जातो. घर हाती येईपर्यंत भाडं शून्य, बँकेचं व्याज मात्र सुरू.

आता त्या २२ हजारांबद्दल. मी बँकेच्या गृहकर्ज विभागात आयुष्य काढलं, आणि तरीही २०१२ च्या अक्षय्य तृतीयेला वाघोलीच्या बाजूला एक फ्लॅट बुक केला, इन्व्हेस्टमेंट म्हणून. दुसऱ्यांची प्रकरणं तपासणं सोपं असतं हो. तेव्हा महारेरा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण, नव्हतं. ताबा दोन वर्षांत म्हणाले होते, किल्ल्या मिळाल्या २०१६ च्या दिवाळीत. भाडं १५ हजार येईल असं मलाही कोणीतरी सांगितलं होतंच. किल्ली घेऊन खाली आले तर गेटवर ‘भाड्याने देणे आहे’ अशा अकरा पाट्या. आम्हा सगळ्यांना एकाच आठवड्यात ताबा मिळाला होता, आणि निम्म्या लोकांनी माझ्यासारखाच विचार करून घेतलं होतं. भाडेकरू मोजके, घरं शंभर. एजंट म्हणाला, “मॅडम, समोरच्या काकांनी अकरा सांगितलेत, तुम्ही साडेदहा करा.” काकांनी दहा केले. चार महिने घर रिकामं ठेवून शेवटी साडेनऊ हजारांना दिलं.

आणि रिकामं घर नुसतं रिकामं राहत नाही. बाथरूम वापरात नसलं की नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे फरशीवरच्या जाळीखालचं, पाणी सुकतं आणि ड्रेनेजचा वास सरळ घरात येतो. ड्राय बाल्कनीत कबुतरांनी दोन अंडी घातली होती. पहिल्या भाडेकरूला घर दाखवायला दार उघडलं, तेव्हा त्या बिचाऱ्या मुलीने ओढणी नाकाला लावली ती जिना उतरेपर्यंत काढली नाही. नंतर मी दर रविवारी सहकारनगरातून बस बदलत जायचे, प्रत्येक जाळीत बादलीभर पाणी ओतायचे आणि परत यायचे.

तुमच्या फ्लॅटला १८ हजार भाडं आलं असं धरू. वर्षाचे २ लाख १६ हजार. मेंटेनन्स महिना साडेतीन हजार, म्हणजे ४२ हजार. भाडेकरू बदलताना एक महिना घर रिकामं आणि एका महिन्याचं भाडं एजंटला, ३६ हजार. उरले १ लाख ३८ हजार, म्हणजे ७० लाखांवर दोन टक्केसुद्धा नाहीत. यात मालमत्ता कर धरलेला नाही. आणि स्वतः राहणाऱ्याला पुणे महापालिका जी ४० टक्के सवलत देते, ती भाड्याच्या घराला नसते. शिवाय सोसायटी सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत बिगर-भोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून) लावू शकते. उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की मेंटेनन्सही वाढतो, ते वेगळं.

तरीही घ्यायचाच असेल तर एक करा. त्याच भागात दोन वर्षांपूर्वी ताबा दिलेल्या एखाद्या कॉम्प्लेक्ससमोर रात्री साडेआठला उभ्या राहा आणि दिवे मोजा. सकाळी जाऊन दोरीवरचे कपडे मोजले तरी चालेल. निम्म्या खिडक्या अंधारात असतील तर तुमच्या २२ हजारांचं उत्तर मिळालं. महारेराच्या साइटवर प्रकल्पाचा नंबर टाकून ताबा कधीचा लिहिलाय, किती घरं बुक झालीत आणि काही खटले आहेत का, ते मुलाला बघायला सांगा. करार नोंदवण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला कायद्याने घेता येत नाही, दसरा असो वा नसो. आणि ज्याला पूर्णत्वाचा दाखला मिळालाय असा फ्लॅट बिल्डरकडून घेतला तर जीएसटी लागत नाही. तुमचे ३ लाख १० हजार तिथेच वाचतात.

माझं मत विचाराल तर घेऊ नका. यजमान साठीचे असतील तर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. एप्रिल २०२३ मध्ये तिचा दर ८.२ टक्के झाला. त्या दराने दर तिमाहीला ६१ हजार ५०० येतात, आणि कोणाच्या जाळीत पाणी ओतायला जावं लागत नाही. मुलगा स्वतः तिथे राहायला जाणार असेल तर गोष्ट वेगळी, मग हिशेबही वेगळा मांडू.

भाव वाढेल, असं तो साइटवरचा मुलगा म्हणालाच असेल. मी २०२१ मध्ये विकायला काढला, तेव्हा घर बघायला आलेल्या जोडप्याने रस्त्यापलीकडच्या नव्या स्कीमचं पत्रक माझ्यापुढे ठेवलं. माझ्याहून थोडा महाग, पण कोरा फ्लॅट, आणि मोड्युलर किचन फुकट. मी दीड लाख कमी केले.

फ्लॅट ओळखीतल्या मुलांना भाड्याने देतोय. नोटरी केलेला करार चालेल का?
– एक वाचक, हडपसर

नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे घर भाड्याने देण्याचा, करार नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदवला नाही आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं. ते खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करायचं. आधार आणि अंगठा घेऊन घरी येऊन ऑनलाइन नोंदणी करून देणारे हडपसरला गल्लोगल्ली आहेत. मुलं ओळखीतली असली तरी पोलिसांकडे माहिती द्यायला विसरू नका.