वाढदिवसाचं जेवण आणि ज्वारीचं पोतं

"मॅडम, एवढं सगळं करूनही घरी येताना भांडणच झालं. आमच्यात काही उरलंय का नाही, तेवढं सांगा." मी जोडप्यांचं समुपदेशन करते, आणि हा प्रश्न माझ्याकडे बहुतेक वेळा कुणाचा तरी वाढदिवस होऊन गेल्यावर येतो. विचारणारा माणूस हताश असतो आणि थोडा रागावलेलाही, कारण त्याने खर्च केलेला असतो.

श्रीशैल असेच आले होते. (नावं बदलली आहेत, ओळख पटेल असे तपशीलही. दोघांची परवानगी घेऊनच लिहिते आहे.) टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतात. आत आले, बसले आणि खिशातून बिल काढून माझ्या टेबलावर ठेवलं. ५,८४० रुपये. "आणि नाटकाची तिकिटं हजाराची, ती वेगळीच."

बायको मेघा, शाळेत शिक्षिका. लग्नाला सोळा वर्षं. तिला चाळीस पूर्ण झाली म्हणून यांनी महिनाभर आधी बेत आखला. होटगी रोडला एका नव्या, मंद दिव्यांच्या हॉटेलात जेवण आणि मग रात्री साडेनऊला हुतात्मा स्मृती मंदिरात नाटक, तिसऱ्या रांगेत. तिला सांगितलं त्याच दिवशी, शाळेतून आल्यावर. सरप्राइज!

त्या दिवशी त्यांच्या भागात पाण्याचा दिवस होता.

सोलापूरबाहेरच्या वाचकांना याचा अर्थ कळणार नाही. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. ते ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातलं निदान एक माणूस पाण्याला बांधलेलं असतं. मोटर लावायची, टाकी, पिंप, हंडे-कळशा भरून घ्यायच्या. मेघाच्या घरात ते माणूस मेघाच. नवऱ्याने महिनाभर सगळं जुळवलं, पण पाण्याची पाळी बघितली नाही. बघायची कधी वेळच आली नव्हती त्यांच्यावर.

तर टेबलावर सूप आलं आणि सासूबाईंचा फोन आला. "पाणी आलंय गं, मोटरचं बटण कुठलं?" दुसऱ्या पदार्थाला फोन धाकट्याचा, हंडा कुठाय म्हणून. तिसऱ्या वेळी एका थोरल्या पांढऱ्या ताटात मधोमध लिंबाएवढा कसलासा गोळा आला, भोवती हिरव्या रसाचे चार ठिपके. मेघा म्हणाल्या, "ह्याच्यात पोट भरतंय व्हय? या पैशात पोतंभर ज्वारी आली असती घरात."

त्यानंतर दोघं बोलले नाहीत. नाटकाला पोचले तेव्हा तिसरी घंटा होऊन गेली होती, अंधारात लोकांच्या पायांवरून जागेवर जाऊन बसले. घरी आल्यावर स्वयंपाकघरात जे व्हायचं ते झालं. पुढचे चार दिवस निरोपानिरोपी मुलांमार्फत.

पुढच्या वेळी मी दोघांना बोलावलं. मी एक साधी गोष्ट करते. ती संध्याकाळ पुन्हा सांगायला लावते, पहिल्या मिनिटापासून, आणि एकजण सांगत असताना दुसऱ्याने मधे बोलायचं नाही. "असं नव्हतं झालं" हेसुद्धा म्हणायचं नाही. सोळा वर्षांच्या संसारात एवढं सलग ऐकून घेतलेलं नसतं माणसांनी, त्यामुळे पहिली दहा मिनिटं फार अवघड जातात.

मेघांनी सांगितलं, त्यांच्या डोळ्यांपुढे पदार्थांची नावं आलीच नाहीत. मेनूकार्डाची उजवी बाजू तेवढी दिसत होती. त्या गिरणी कामगाराची मुलगी. नव्वदच्या दशकात सोलापुरातल्या गिरण्यांना कुलपं लागत गेली, तेव्हा त्या शाळेत होत्या. भोंगा बंद झाला आणि घरातलं बोलणंही कमी झालं, असं त्या म्हणाल्या. वाढदिवस म्हणजे आईने ओवाळायचं, गुळाचा शिरा करायचा, झालं. आज दोघांचा पगार येतो, फ्लॅटचा हप्ता वेळेवर जातो, तरी चार आकडी बिल दिसलं की पोटात गोळा येतो. ज्वारीचा हिशेब हा नवऱ्याला मारलेला टोमणा नव्हता. घाबरल्यावर त्यांच्या तोंडून हिशेबच निघतो.

श्रीशैलना हे ठाऊक होतं का? गिरणीचं ठाऊक होतं. त्या गोळ्याचं नव्हतं.

मग त्यांची पाळी. त्यांनी सांगितलं की आधीच्या आठवड्यात रात्री गच्चीवर बसून ते मोबाइलवर व्हिडिओ बघत होते. काटे-चमचे कसे धरायचे, बाहेरच्या बाजूचा काटा आधी उचलायचा आणि पदार्थागणिक आत आत जायचं, नॅपकिन कुठे ठेवायचा. वेटरसमोर बायकोची फजिती होऊ नये म्हणून. "आणि मॅडम, तिथं गेलो तर माझाच हात थरथरायला लागला." मेघांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या हसल्या, आणि मग हसल्याबद्दल ओशाळल्या.

म्हणजे त्या टेबलावर दोन घाबरलेली माणसं एकमेकांसमोर बसली होती आणि दोघांनाही वाटत होतं की समोरचा आपली परीक्षा घेतोय. मंद दिवे, मधे मेणबत्ती, तासभर एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायचं, ही सवय आपल्यातल्या किती जोडप्यांना असते? आपण स्वयंपाकघरात पाठमोरे बोलतो, गाडीवर मागे बसून बोलतो. समोरासमोर बसलो की लग्नाची बोलणी किंवा भांडण, असाच आपला अनुभव! तिथे शब्द सुचले नाहीत म्हणून प्रेम संपलं असं मी तरी मानत नाही.

पण माझ्या मते खरी गोष्ट अजून बाहेर यायची होती. मी श्रीशैलना विचारलं, "नाटकच का?" ते गप्प झाले. मग म्हणाले, कॉलेजात असताना राज्य नाट्य स्पर्धेसाठी बसवलेल्या एका नाटकात त्यांनी प्रकाशयोजनेला मदत केली होती. दोन महिने रात्री-रात्री तालमी. नोकरी लागली आणि सुटलं ते. तेव्हापासून हुतात्मावरून स्कूटर नेताना ते बाहेरचा नाटकाचा फलक वाचतात. सोळा वर्षं रोज वाचत होते.

आता मेघांची बाजू बघा. शाळेत दर १२ जानेवारीला या बाई मुलांकडून चार हुतात्म्यांची नावं म्हणून घेतात. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन. १९३१ साली येरवड्यात फाशी गेलेले सोलापूरचे चौघे. त्या नावाच्या नाट्यगृहात त्या स्नेहसंमेलनाच्या वेळी मुलांच्या मेकअपच्या पेट्या घेऊन गेल्या होत्या. खुर्चीत बसून नाटक एकदाही बघितलं नव्हतं. नवऱ्याला नाटकाचं वेड आहे हेही त्यांना माझ्या टेबलावर कळलं.

मी श्रीशैलना म्हटलं, "म्हणजे वाढदिवस त्यांचा आणि हौस तुमची." त्यांना ते लागलं, हे दिसलं. पण मला ते दोष म्हणून म्हणायचं नव्हतं. बायकोबरोबर नाटक बघावं असं सोळा वर्षं वाटत राहणं ही किती चांगली गोष्ट आहे! ती त्यांनी सांगितली मात्र उलटी. "हे सगळं तुझ्यासाठी केलं" असं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यावर उसनवारी चढते. आनंदी दिसून ती फेडावी लागते, आणि तोंड जरा उतरलेलं दिसलं की देणारा नाराज. "मला नाटक बघायचंय, तू बरोबर असावीस असं वाटतं, येशील का?" या वाक्याला नाही म्हणता येतं. म्हणून हो म्हणण्यालाही किंमत येते.

मेघांनाही मी सोडलं नाही. तुम्हाला काय हवं होतं, असं विचारलं तर म्हणाल्या, "मला काही नको होतं." हे उत्तर मी मान्य करत नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाल्या, "मध्यंतरात फोन सायलेंटवर होता. हे चहा आणायला गेलेले. दहा मिनिटं मला कुणी हाक मारली नाही. ते आवडलं." मग बराच वेळ डोळे पुसत होत्या. चाळिसाव्या वाढदिवसाला या बाईला हवी होती ती हाक न येणारी दहा मिनिटं, आणि ती ५,८४० च्या बिलात नव्हती.

खर्च केला तरच नातं ताजं होतं का, हे दोघांनी विचारलं. मानसशास्त्रज्ञ आर्थर अ‍ॅरन आणि सहकाऱ्यांचा २००० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी त्यांना सांगितला. अमेरिकेतल्या जोडप्यांचे मनगट आणि घोटे एकमेकांना पट्ट्यांनी बांधले आणि एक गुंडाळीसारखी उशी हात न लावता, दातांनी न धरता, दोघांच्या अंगांमध्ये धरून अडथळ्यापलीकडे न्यायला लावली. सात मिनिटांचा खेळ. नंतर या जोडप्यांनी आपल्या नात्याविषयी दिलेली उत्तरं कंटाळवाणं काम दिलेल्या जोडप्यांपेक्षा उजवी निघाली. नवं, थोडं गंमतीचं काहीतरी एकत्र केलं, एवढ्यानं. (आमच्याकडच्या एखाद्या हॉलमध्ये हा प्रयोग केला तर सासूबाई काय म्हणतील, ते सोडा.) एका प्रयोगावरून संसार चालवू नये, पण पैशाचा त्यात काही भाग नव्हता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

इथे एक फरक सांगून टाकते, कारण काही वाचक वेगळ्याच घरात राहत असतील. बिल बघून धसका बसणं वेगळं आणि नवऱ्याने बायकोचा पगार ताब्यात ठेवणं, पर्समधल्या प्रत्येक रुपयाचा जाब मागणं वेगळं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळही हिंसाच धरला आहे. तिथे जेवणाचे बेत आखून उपयोग नाही. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, तिथे फोन करा.

मेघा-श्रीशैलची गोष्ट तशी नव्हती. त्यांना मी घरी करायला फारसं काही दिलंच नाही. पुढचा बेत दोघांनी मिळून ठरवायचा, खर्चाचा आकडा आधी मेघांनी सांगायचा आणि पाण्याचा दिवस श्रीशैलनी बघायचा, इतकंच. आणि शक्य असेल तर नाटक आधी, जेवण नंतर. नाटक बघून आलेल्या माणसांना बोलायला विषय असतो आणि टेबलावर एकमेकांची तोंडं वाचत बसावं लागत नाही.

दोन महिन्यांनी ते पुन्हा आले. रविवारचा संध्याकाळचा प्रयोग बघितला होता. आकडा होता बाराशे, तिकिटांसकट. मागच्या रांगेत बसले. नंतर एका साध्या खानावळीत कडक भाकरी, शेंगाची चटणी, भरलं वांगं. मोटरचं बटण सासूबाईंना नातवाने शिकवलं होतं. मेघांनी तिथेही दरफलक आधी वाचला, हे त्यांनी स्वतःच सांगितलं.

"नाटक कसं होतं?" मी विचारलं.

"मला नाही आवडलं," मेघा म्हणाल्या.

श्रीशैल वळून बघायला लागले. "अगं, हसत होतीस की तू!"

"शेजारचे काका हसत होते, म्हणून मला हसू येत होतं. दुसऱ्या अंकात त्या बाईने घर सोडायचं काही कारणच नव्हतं."

"कारण नव्हतं? पहिल्या अंकात तो पत्राचा प्रसंग बघितला नाहीस तू?"

"बघितला की ओ. तुम्हाला त्यातला नुसता उजेड दिसला."

मी घड्याळाकडे पाहिलं. त्यांची वेळ संपून दहा मिनिटं झाली होती, बाहेर पुढचं जोडपं बसलं होतं, आणि या दोघांचा अजून पहिला अंकच चालला होता.