विनोदी सायफाय नवीनच वाचायला घेतोयस तर

अरे, सुरुवातीलाच जाडजूड स्पेस ऑपेराला (म्हणजे अवकाशातल्या भल्यामोठ्या साहसकथांना) हात घालू नकोस, स्कॉट मेयर घे. 'बेसिक इन्स्ट्रक्शन्स' हे वेबकॉमिक काढणारा तोच. चार चौकटींत अख्खा प्रसंग बसवायची सवय असल्यामुळे त्याचे संवाद एकदम नेमके आणि चटपटीत आहेत, पानं कधी उलटतात कळतच नाही.

पहिलं 'ऑफ टू बी द विझर्ड'च वाच. मार्टिन नावाच्या पोराला एक फाइल सापडते, तिच्यातला आकडा बदलला की खरं जगच बदलतं! आधी तो स्वतःची उंची बदलून बघतो, मग बँकेतला बॅलन्स वाढवतो आणि अर्थात गोत्यात येतो, मग पळून थेट मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जातो आणि तिथे जादूगार म्हणून वावरायला लागतो. मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे जादूमागे चक्क प्रोग्रामिंग आहे आणि मंत्र एस्परांतो या मुद्दाम तयार केलेल्या भाषेत आहेत, केवढं डोकं लावलंय! कोडिंग येत नसलं तरी काही अडत नाही.

पुढचे भाग मात्र क्रमानेच घे, दुसरा 'स्पेल ऑर हाय वॉटर'. मधूनच उचललास तर माणसं ओळखीची वाटणार नाहीत. इंग्रजी सोपं आहे, डिक्शनरी क्वचितच लागेल. वाचलंस की सांग, मार्टिनला शिकवणारा जादूगार फिलिप कसा वाटला ते मला ऐकायचंय.